आधी चेंबर, मग पोर्ट

शहरात टू-स्ट्रोक गाडी आता शौकाची वस्तू झाली आहे. रविवारी कव्हर काढायचं, पुसायचं, एक चक्कर मारायची आणि फोटो टाकायचा. आमच्या भामरागड तालुक्यात ती अजून कामाला जुंपलेली आहे. राजदूत, आरएक्स १००, टीव्हीएसची जुनी एक्सएल, कुठेतरी एखादी लुना. त्याशिवाय धानावर फवारणी करायचा पाठीवरचा पंप, वनखात्याचा ब्लोअर, पर्लकोटा नदीला पूर आला की बचावाच्या बोटीमागे लागणारं मशीन. यातली बरीचशी इंजिनं टू-स्ट्रोकच. आलापल्ली-भामरागड रस्त्यावर आणि पुढे लाहेरी, कोठी, बिनागुंड्याकडच्या वाटांवर हीच इंजिनं खोलण्यात आणि बसवण्यात माझी उमर गेली.

या इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. खोलायला सोपं, म्हणून ज्याच्या हातात पाना येतो तो दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन ब्लॉकच्या पोर्टवर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटांवर, तुटून पडतो. नव्याने दुकान टाकणाऱ्या पोरांना जे मी तोंडी सांगतो, तेच इथे लिहून काढलं आहे.

१. खालचा पंप आधी बघा

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भाऊ, गाडी चढूनच नाही राहिली. पोर्ट मोठे करून द्या ना जी." मी विचारतो, "चेंबरचे ऑइल सील कधी बदलले?" उत्तर नसतं.

पिस्टनच्या वर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ठिणगी पडते आणि धडाका होतो. खाली काय होतं त्याकडे कोणी बघत नाही. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण चेंबरमध्ये दाबलं जातं. ट्रान्सफर पोर्ट उघडले की त्या दाबाच्या जोरावर ते वर सिलिंडरमध्ये चढतं. इंग्लंडातल्या बाथ शहरात जोसेफ डे यांनी १८९० च्या आसपास ही युक्ती काढली. तेव्हापासून आजतागायत टू-स्ट्रोक गाडीचा चेंबर हाच तिचा पंप आहे.

हा दाब किती असतो? हेडमधल्या कॉम्प्रेशनच्या मानाने अगदीच थोडा. कागदावरच्या आदर्श हिशेबातही तो बाहेरच्या हवेपेक्षा अर्ध्या बारने वर जातो न जातो. सायकलच्या ट्यूबमध्ये याहून किती तरी जास्त दाब असतो. इतक्या थोड्या दाबावर सगळा कारभार असल्यामुळे केसाएवढी गळतीही इथे महागात पडते. पोर्टची उंची अर्धा मिलिमीटर चुकली तर गाडी चालते. मॅग्नेटकडचा सील फाटला तर मात्र ती हवा ओढते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि ऐन जंगलात इंजिन पकडतं. क्लचकडचा सील गेला तर गिअरचं ऑइल चेंबरमध्ये येतं, मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, रिंग गेली. रिंग बदलून धूर जात नाही. पैसे मात्र जातात.

२. बीपीचं मशीन दुकानात ठेवा

गळती डोळ्यांनी दिसत नाही. महागडं टेस्टर मागवायचीही गरज नाही. डॉक्टरांकडचं काट्याचं बीपी मशीन असतं ना, रबरी फुग्याचं, ते या कामाला बनवल्यासारखं आहे. त्याचा काटा पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे साधारण ०.४ बार. चेंबर तपासायला तेवढाच दाब लागतो.

सायलेन्सर आणि कार्बोरेटर उतरवा. दोन्ही तोंडांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर जाड पत्र्याची पट्टी, आणि बोल्ट आवळा. एका जुन्या स्पार्क प्लगची चिनीमाती फोडून काढा, आत पितळी नळी झाळून घ्या, आणि तो प्लग हेडमध्ये बसवून बीपीची रबरी नळी त्यावर चढवा. पिस्टन पार खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर उघडे राहून सिलिंडर आणि चेंबर एक होतात. आता फुगा दाबत काटा २५० वर न्या आणि हात काढून घ्या.

चांगल्या इंजिनात काटा हळूहळू, पाच-दहा घरं उतरतो. खराब इंजिनात तो डोळ्यांदेखत कोसळतो. मग निरम्याचं पाणी घ्या, ब्रशने लावत जा. ब्लॉकखालचं पॅकिंग, चेंबरचे दोन भाग जुळतात ती रेघ, मॅग्नेटमागचा सील. जिथे गळती, तिथे बुडबुडा. क्लचकडचा सील नजरेला पडत नाही, तर गिअर ऑइलचं झाकण उघडा आणि त्या भोकाला कान लावा. सील गेला असेल तर सूं असा बारीक आवाज येतो.

आमच्याकडे तपासायला येणाऱ्या "पिकअप नाही" तक्रारींतल्या बहुतेक इथेच संपतात. फाइलला हात लावावा लागत नाही. गिऱ्हाइकाला मात्र हे पटत नाही. त्याला मोठं काम झाल्यासारखं वाटायला हवं असतं.

३. चेंबर किती दाबायचा

आता खरं ट्यूनिंग. चेंबरचं कॉम्प्रेशन मोजायचं सूत्र सोपं आहे. पिस्टन पार वर असताना चेंबरमध्ये जेवढी जागा, तिला पिस्टन पार खाली असतानाच्या जागेने भागा. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०, म्हणजे ९८ सीसी. समजा पिस्टन वर असताना चेंबरमध्ये २९४ सीसी जागा भरली, तर खाली असताना १९६ उरते आणि प्रमाण येतं १.५. तीच जागा ३४३ भरली तर प्रमाण १.४. मोजायला मेडिकलमधली मोठी सिरिंज आणि पातळ ऑइल पुरतं. पिस्टन वर ठेवून इनटेकच्या तोंडातून भरत जायचं आणि किती सिरिंज गेल्या ते लिहून ठेवायचं.

जुन्या ट्यूनरांचा समज होता की हे प्रमाण जितकं वाढवाल तितकं चांगलं. ते क्रँकच्या पोकळ्या ॲल्युमिनियमने किंवा बुचाने भरून काढत. मग रेसिंगची हवा उलटी फिरली. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी फुगीर पोटाचा एक्झॉस्ट, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, इतका सुधारला की सायलेन्सरच सिलिंडरमधला जळका वायू ओढून काढू लागला आणि त्यापाठोपाठ ताजं मिश्रणही. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेला गेला, तिथून सुझुकीकडे, आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. ती विद्या जपानला पोचली ती अशी. सायलेन्सर ओढतोय म्हटल्यावर चेंबरने जोराने ढकलायची गरज राहिली नाही. उलट मोठा, सैल चेंबर बरा, कारण त्यातून ओढायला जास्त माल मिळतो. पुढच्या काळातली रेसची इंजिनं १.३ च्या आसपास आली ती याच कारणाने.

आमच्याकडे नेमकं उलट आहे. इथल्या गाडीला कंपनीचा साधा सायलेन्सर आहे, तोही निम्मा काजळीने भरलेला. तो काही ओढत नाही. गाडी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर, दुसऱ्या गिअरमध्ये, मागे तांदळाचं पोतं आणि त्यावर माणूस घेऊन नाल्याच्या चढावर चाललेली असते. अशा वेळी मिश्रण वर ढकलायला चेंबरशिवाय दुसरं कोणी नसतं. म्हणून इथल्या गाडीला दाबाचा, घट्ट चेंबर लागतो, आणि कंपनीने तो दिलेला आहे. तो आहे तेवढा राखा.

जास्तही नको. प्रमाण फार वाढवलं की मिश्रण इतक्या वेगाने वर घुसतं की सिलिंडरमध्ये फिरायच्या आत समोरच्या एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. पेट्रोल जळण्याआधीच धुराड्यातून गेलं. शिवाय दाबायलाही इंजिनाचीच ताकद लागते. आणि चेंबरमध्ये एम-सील थापून जागा कमी करणाऱ्यांना मी हात जोडतो. पेट्रोल आणि उष्णतेने ते सुटतं आणि त्याचा तुकडा बेअरिंगमध्ये जातो.

४. एक मिलिमीटर म्हणजे सहा अंश

पोर्टची उंची मिलिमीटरमध्ये मोजता येते, पण इंजिनाला कळतात ते अंश. क्रँकच्या ३६० अंशांच्या फेरीत किती अंश पोर्ट उघडा राहिला, ते महत्त्वाचं. रस्त्यावरच्या गाडीचे ट्रान्सफर साधारण ११० ते १२५ अंश उघडे राहतात, रेसच्या गाडीचे १३० च्या आसपास.

५० मिलिमीटर स्ट्रोक आणि १०० मिलिमीटर लांबीचा कनेक्टिंग रॉड धरून हिशेब करा. ट्रान्सफर १२० अंश उघडा ठेवायचा तर पोर्टची वरची कड पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेपासून ३९.९ मिलिमीटर खाली येते. म्हणजे पोर्टची उंची जेमतेम १० मिलिमीटर. आता ही कड एक मिलिमीटर वर न्या, अवधी सहा अंशांनी वाढतो. एक्झॉस्ट पोर्टची कड एक मिलिमीटर वर नेली तर पाच. कारण तिथे पिस्टनचा वेग जास्त असतो.

एक मिलिमीटर म्हणजे फाइलचे किती हात? बिडाच्या ब्लॉकवर नवी फाइल असेल तर फारसे नाहीत. म्हणून पोर्टला फाइल लावण्याआधी क्रँकवर डिग्रीची चकती बांधा. नसेल तर शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक पत्र्यावर उतरवून घ्या.

ब्लॉक न घासताही पोर्ट वर नेता येतात. ब्लॉकखाली जाड पॅकिंग टाका, दोन्ही पोर्ट एकदम वर जातात. पसंत पडलं नाही तर पॅकिंग काढून टाकायचं. यात हेडचं कॉम्प्रेशन कमी होतं, ते लेथवर हेड घासून भरून काढावं लागतं. तरी आधी पॅकिंगने करून बघणारा माणूस मला शहाणा वाटतो.

५. पिस्टनचा माथा वाचायला शिका

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीच्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा असे. मिश्रण एका बाजूने आलं की त्यावर आपटून वर वळायचं. तो उंचवटा तापायचा, पिस्टन जड व्हायचा. १९२० च्या दशकात जर्मनीत श्न्यूर्ले यांनी दोन्ही बाजूंना ट्रान्सफर ठेवले आणि त्यांची तोंडं एक्झॉस्टकडे न करता मागच्या भिंतीकडे वळवली. दोन्ही धारा मागे एकमेकींना भिडतात, भिंतीला धरून वर चढतात, हेडखालून वळतात आणि जळक्या वायूला समोरच्या एक्झॉस्टमधून बाहेर ढकलतात. आपली राजदूत असो की आरएक्स, खेळ हाच.

या खेळात डावी आणि उजवी धार सारखी असायलाच हवी. एक जोरात आली आणि दुसरी मंद, तर वळसा एका अंगाला कलतो. जळका वायू एका कोपऱ्यात अडकून राहतो आणि ताजं मिश्रण दुसरीकडून सरळ बाहेर जातं. गाडी फाटकी वाजते, पेट्रोल खाते, ओढत नाही.

हे कळतं कसं? हेड उतरवा आणि पिस्टनचा माथा कापडाने पुसायच्या आधी बघा. चांगल्या इंजिनात ट्रान्सफरसमोर दोन्ही बाजूंना चकचकीत धुतलेले पट्टे दिसतात, तपकिरी झाक असलेले, जवळजवळ सारख्या आकाराचे. मागच्या बाजूला ते एकमेकांना मिळतात. एक्झॉस्टकडची बाजू कोरडी काळी असते. ताजं मिश्रण जिथे आपटतं तिथे काजळी बसायला जागा मिळत नाही, म्हणून हे पट्टे. एका बाजूचा पट्टा पंज्याएवढा पसरलेला आणि दुसरीकडे बोटाएवढाच असेल, तर बाकी काही बघायची गरज नाही. लहान पट्ट्याच्या बाजूच्या ट्रान्सफरमध्ये काहीतरी अडलेलं आहे.

बहुतेक वेळा अडलेलं असतं ते पॅकिंग. इकडे ओरिजिनल पॅकिंग मिळत नाही, मग बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा किंवा लग्नपत्रिका ठोकून पॅकिंग कापलं जातं. कापणारा बोल्टची भोकं नीट पाडतो, पण ट्रान्सफरच्या तोंडाशी पुठ्ठा दोन-तीन मिलिमीटर आत लोंबत ठेवतो. अर्धी वाट तिथेच बंद. पॅकिंग ब्लॉकवर ठेवा, मग चेंबरवर ठेवा, आणि दोन्हीकडून ट्रान्सफरच्या तोंडाला बोट फिरवून बघा. बोटाला पायरी लागता कामा नये.

दुसरं कारण डुप्लिकेट ब्लॉक. बाहेरून चमकदार, आत ट्रान्सफरच्या वाटेत ओतकामाचे दाणे आणि पापुद्रे. दोन बाजूंच्या पोर्टच्या उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक मी सर्रास मोजला आहे. म्हणजे तीन अंश. एक बाजू आधी उघडते, सगळा दाब तिकडे पळतो. अशा ब्लॉकवर फाइल मारायची ती दोन्ही बाजू सारख्या करण्यापुरती, आणि कमी उंचीची बाजू जास्तीच्या बरोबरीला आणून. आरशासारखं घासत बसू नका. त्याने हेल्परचा हात दुखण्यापलीकडे काही होत नाही. पोर्टची धारदार कड मात्र बारीक पॉलिश पेपरने मोडाच, नाहीतर रिंग अडकून तुटते.

६. ट्रान्सफरच्या वाटेत काजळी दिसली तर

एक्झॉस्ट आधी उघडतो, ट्रान्सफर नंतर. मधल्या थोड्या अंशांत जळक्या वायूचा दाब उतरायला हवा. एक्झॉस्ट १६० अंश आणि ट्रान्सफर १२० असेल तर हा अवधी मिळतो २० अंश, फरकाच्या निम्मा.

भामरागडच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. पर्लकोटा आपल्या पाण्याने फुगते ते एक, पण खाली इंद्रावती भरून वाहत असली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फिरतं आणि गावात शिरतं. सिलिंडरमधला दाब उतरायच्या आत ट्रान्सफर उघडला की हेच होतं. जळका वायू उलटा ट्रान्सफरमधून चेंबरकडे धावतो, ताजं मिश्रण नासतं, चेंबर तापतो.

याची खूण म्हणजे ट्रान्सफरच्या वाटेत, ब्लॉकच्या आतल्या अंगाला, बसलेली कोरडी काळी काजळी. तिथे ओलसर ऑइल दिसायला हवं. काजळी दिसली तर दोन शक्यता. कोणीतरी ट्रान्सफर वर नेले आणि एक्झॉस्ट तसाच ठेवला, किंवा एक्झॉस्टचं तोंड आणि सायलेन्सर कार्बनने बुजलाय. दुसरी शक्यता दहापट जास्त. लाकडी पट्टीने कार्बन खरवडा, सायलेन्सरची आतली नळी काढून स्वच्छ करा. उन्हाळ्यात सायलेन्सर जाळून साफ करायचा तर दुकानामागच्या मोकळ्या जागेत, पाण्याची बादली जवळ ठेवून. झाडाखाली नको.

७. रेसचा ब्लॉक रेतीत मरतो

एका पोराने शहरातल्या एका गॅरेजातून आरएक्स ‘पोर्टिंग’ करून आणली. मोठा एक्स्पान्शन चेंबर, चिरकणारा आवाज. आलापल्लीपर्यंत डांबरावर ती बुलेटला मागे टाकायची. गावाकडे वळला की रडायची वेळ. "भाऊ, रेती लागली का गाडी मरूनच जाते. क्लच दाबून दाबून हात गेला."

डिग्रीची चकती लावून मोजलं. एक्झॉस्ट १९० च्या पुढे नेलेला. असं इंजिन सहा-सात हजार फेऱ्यांवर गेल्याशिवाय श्वासच घेत नाही. ७५०० फेऱ्यांना एक फेरी होते ८ मिलिसेकंदांत आणि १२० अंशांचा ट्रान्सफर उघडा राहतो तीन मिलिसेकंदांहूनही कमी. त्या घाईला उंच पोर्ट आणि ओढणारा सायलेन्सर लागतो. पण ३००० फेऱ्यांवर तोच पोर्ट साडेसहा मिलिसेकंद उघडा असतो. तेवढ्या वेळात भरलेलं मिश्रण एक्झॉस्टमधून निघून जातं, आणि सायलेन्सरची उलटी लाट चुकीच्या वेळी येते. नदीच्या रेतीत सात हजार फेऱ्या टिकवायला चाकाला पकड कुठे आहे?

थोडंच जास्त घासलेलं असतं तर लेथवर ब्लॉकचं बूड एखादा मिलिमीटर घासून पोर्ट खाली आणता येतात. मग तेवढाच हेड आतून कोरावा लागतो, नाहीतर पिस्टन हेडला लागतो. इथे ते शक्य नव्हतं. पोर्ट रुंदही इतका केला होता की रिंग आत फुगत होती. ५० च्या बोअरला एकसंध एक्झॉस्ट पोर्ट ३२-३३ मिलिमीटरच्या पुढे नेऊ नये. मूळ ब्लॉक विचारला, तर तो भंगारात गेलेला.

त्या गॅरेजवाल्याने काम वाईट केलं नव्हतं. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीसाठी ते बरोबर होतं. गाडी कुठे चालणार ते त्याने विचारलं नाही, आणि पोराने सांगितलं नाही.

८. आत येण्याचा दरवाजा

चेंबर दाबतो तेव्हा मिश्रण कार्बोरेटरकडे परत जाऊ नये, म्हणून दरवाजा लागतो. राजदूतमध्ये पिस्टनचा घेरच तो उघडतो-मिटतो. आरएक्समध्ये रीडच्या पात्या असतात. जुन्या बजाज चेतकमध्ये तर क्रँकची कडच चेंबरच्या एका गुळगुळीत पट्टीवरून फिरत दरवाजाचं काम करते. चेतकची ती पट्टी खरचटली की चेंबर जवळपास कामातून गेला समजा. रीडच्या पात्या उजेडासमोर धरा. फट दिसली, कोपरा तुटलेला दिसला, तर बदला. पाती उलटून लावणारे आहेत. काही दिवस चालते.

९. ब्लोअरची जाळी काढू नका

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. जाळरेषा साफ करायला आणि आग दाबायला पाठीवरचे ब्लोअर निघतात, आणि वनरक्षक ते घेऊन दुकानात येतात. "जोरच नाही, पाला हलत नाही." ब्लोअर दिवसभर पूर्ण रेसवर चालतो, त्यामुळे त्याचा चेंबर आणि सील गाडीपेक्षा लवकर जातात. तपासणी तीच, बीपीचं मशीन. पण त्याही आधी सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बघा. कार्बनने ती बुजते आणि इंजिन गुदमरतं.

काही जण ती जाळीच काढून फेकतात. जोर लगेच येतो, हे खरं. पण ती जाळी ठिणगी अडवायला आहे. मोहाच्या दिवसांत जमिनीवर वाळलेला पाला गुडघाभर असतो, आणि आग विझवायला नेलेलं मशीन आग लावून आलं तर काय सांगणार? जाळी तापवून, तारेच्या ब्रशने साफ करून परत बसवा. पाच मिनिटांचं काम आहे.

१०. हवा, ऊन, पेट्रोल

मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा १५ अंशांच्या थंड सकाळपेक्षा हवा नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. त्या प्रमाणात ताकद कमी होणारच. ती पोर्टमधून परत आणायला जाऊ नका. मेन जेट एक नंबर बारीक केला की पुरतं, आणि दिवाळीनंतर आठवणीने जुना बसवायचा. थंडीत बारीक जेट ठेवला तर पिस्टन पकडतो.

आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला उलट थोडा मोठा जेट लागतो, कारण इथेनॉलला तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. ते पाणीही शोषतं आणि जुन्या सीलच्या रबराला सोसत नाही. पावसाळ्यात बाटलीत साठवलेलं पेट्रोल टाकीत ओतण्याआधी काचेच्या ग्लासात घेऊन बघा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते गाडीत घालू नका. आणि "इंजिन गरम होतं म्हणून ऑइल दुप्पट टाकलं" हा तर रोजचा संवाद. ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, मिश्रण आणखी पातळ होतं.

११. चेंबरमध्ये पाणी गेलं तर

नाल्यात गाडी बंद पडली की लोक काठावर आणून किकवर उभे राहतात. चेंबरमधलं पाणी ट्रान्सफरमधून वर चढतं, ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा. गाडी मागच्या चाकावर उभी करून सायलेन्सर रिकामा करा, चेंबरला खाली ड्रेन बोल्ट असेल तर उघडा, आणि प्लगविना हळूहळू किक मारत पाणी बाहेर काढा. मग प्लगच्या भोकातून आणि इनटेकमधून थोडं ऑइल सोडा, पुन्हा फिरवा. टू-स्ट्रोकच्या क्रँकच्या बेअरिंगला ऑइल मिळतं ते फक्त मिश्रणातून. पाणी लागलेलं बेअरिंग एका रात्रीत गंजतं, बेअरिंग हललं की क्रँक हलतो, क्रँक हलला की सीलची ओठी कातरली जाते. पुढे दोन महिन्यांनी "पिकअप नाही" म्हणून तीच गाडी दारात येते.

१२. शेवटची विनंती

आपल्याकडे रस्त्यावरच्या नव्या टू-स्ट्रोक मोटरसायकली आता बनत नाहीत. त्या बंद पडल्या त्याचं मोठं कारणही याच पोर्टमध्ये आहे. भरलेल्या मिश्रणाचा चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळताच बाहेर जायचा, आणि धुराचे नियम कडक झाल्यावर ते चालण्यासारखं नव्हतं. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ एवढीच विकली गेली. तिचे मूळ ब्लॉक जे आहेत ते आहेत, नवे येणार नाहीत. म्हणून कोणी कितीही भारी पोर्टिंग करून देतो म्हणाला, तरी त्याला डुप्लिकेट ब्लॉक द्या. मूळ ब्लॉकला आतून ग्रीस लावा, पेपरमध्ये गुंडाळा आणि घरी माळ्यावर ठेवा. भंगारवाल्याला किलोवर देऊ नका.